भिडू कसे निवडायचे?

बाळू पालवणकर यांचा चेंडू चालायचा, त्यांचा चहा चालायचा नाही. १८९०च्या दशकात पुण्यातल्या इंग्रजांच्या जिमखान्यावर ते महिना चार रुपयांवर खेळपट्टीची देखभाल करत आणि सरावाच्या जाळीत साहेबांना डावखुरी फिरकी टाकत. चांभार समाजातल्या या तरुणाची कीर्ती शहरातल्या हिंदू क्लबच्या कानावर गेली. गोऱ्यांना हरवायचं तर हा गोलंदाज हवाच, म्हणून नाइलाजाने संघात घेतलं. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सगळे बिनतक्रार झेलत होते. चहाची वेळ झाली की मात्र बाळूंचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्यांनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत मिळालं नाही. ते घरात आलं १९२३ साली, धाकटा भाऊ विठ्ठल याच्याकडे.

ज्या स्पर्धेत बाळू गाजले, तिची मांडणीच धर्मावर होती. मुंबईत आधी युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने होत. १९०७ मध्ये हिंदू आले, १९१२ मध्ये मुस्लिम आणि १९३७ मध्ये ‘बाकीचे’. हे ‘बाकीचे’ म्हणजे ज्यांना आधीच्या चार खणांत बसवता येत नव्हतं ते सगळे. सांगलीच्या मराठी ख्रिस्ती घरातले विजय हजारे याच संघातून खेळायचे. १९४३च्या हंगामात हिंदूंविरुद्धच्या अंतिम सामन्यात ‘बाकीच्यां’च्या एका डावात ३८७ धावा झाल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! खेळ अव्वल होता, गर्दी अफाट होती आणि तरी १९४० मध्ये गांधीजींनी ही धर्मवार विभागणी आपल्याला मान्य नाही असं स्पष्ट सांगितलं. १९४६ मध्ये स्पर्धा बंद पडली.

स्पर्धा बंद पडली, सवय गेली नाही. आजही महाराष्ट्रात डिसेंबर-जानेवारीत टेनिस बॉलच्या स्पर्धांचे फलक लागतात, तेव्हा त्यांतल्या कितीतरी एकेका समाजापुरत्या असतात. गावातले संघ आळीप्रमाणे, वाड्याप्रमाणे पडतात आणि आळी म्हणजे बहुतेक ठिकाणी जातच. पोरांच्या मनात काही नसतं, असं मोठी माणसं म्हणतात. पोरांच्या मनात नसेलही, पण संघाच्या यादीत असतं.

ही यादी बदलली तर काय होतं, याचा शोध मॅट लो नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत घेतला. १४ ते ३० वयोगटातले १,२६१ तरुण त्याने जमवले. काहींना क्रिकेट लीगमध्ये घेतलं, काहींना नुसतंच तुलनेसाठी बाहेर ठेवलं. जे खेळले त्यांपैकी काहींचे संघ एकाच जातगटाचे, तर काहींचे मिश्र. कोण कुठे जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, निव्वळ योगायोगावर सोडलं. २०२१ साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जे वेगळ्या जातीच्या मुलांबरोबर एका संघात खेळले, त्यांच्या जातीबाहेरच्या मैत्र्या वाढल्या आणि आपल्याच माणसाला झुकतं माप देण्याची खोड कमी झाली. जे वेगळ्या जातीच्या मुलांविरुद्ध खेळले, त्यांच्याबाबत परिणाम साधारणपणे उलटा झाला. मैदान एक, खेळ एक, मुलंही त्याच गावांतली. फरक पडला तो समोरचा आपला भिडू आहे की प्रतिस्पर्धी, एवढ्यावरून.

‘विविधतेत एकता’ या विषयावर आपल्याकडे जेवढी भाषणं आणि चित्ररथ होतात, त्या सगळ्यांपेक्षा ही एक गोष्ट तरुणांच्या जास्त कामाची आहे. चित्ररथावर प्रत्येक जण आपापल्या पोशाखात, आपापल्या खणात उभा असतो. शेजारच्या खणातल्या माणसाकडून त्याला काही घ्यायचं नसतं, त्याला काही द्यायचं नसतं. भिडूला पास द्यावा लागतो.

नागपुरात हे असलं कुठलंही संशोधन न वाचताच सुरू झालं. हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेले विजय बारसे २००१च्या पावसात आडोशाला उभे होते. समोर झोपडपट्टीतली काही मुलं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळत होती. बारसेंनी त्यांना फुटबॉल दिला. मुलं खेळत असतात तेवढा वेळ ती वाईट नादापासून लांब राहतात, एवढंच त्यांना तेव्हा दिसलं होतं. मग झोपडपट्टी फुटबॉल स्पर्धा निघाली, तिच्या पहिल्याच खेपेला १२८ संघ उतरले. पुढे क्रीडा विकास संस्था उभी राहिली आणि ‘स्लम सॉकर’ या नावाने ती जगाला माहीत झाली. बेघरांच्या विश्वचषकाला इथले संघ जाऊ लागले. २०१०च्या रिओ दी जानेरोतल्या विश्वचषकात भारताचा कर्णधार होता याच मैदानातून गेलेला अखिलेश पॉल, जो नंतर प्रशिक्षक झाला. नागराज मंजुळे यांच्या २०२२च्या ‘झुंड’मुळे बारसेंची गोष्ट घरोघरी पोचली. पण त्याच्या सहा वर्षं आधीची एक बातमी आपल्याकडे फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. फिफाने २०१६ मध्ये विविधतेसाठीचा पुरस्कार पहिल्यांदाच सुरू केला आणि तो मिळाला नागपूरच्या या संस्थेला.

वस्तीवस्तीचे संघ एकमेकांपुढे उभे केले की वैर वाढण्याचा धोका असतो, हे आपण वर पाहिलं. त्यावरचा एक तोडगा नागपूरपासून फार लांब, कोलंबियातल्या मेडेयीन शहरात तयार झाला. १९९४च्या फुटबॉल विश्वचषकात कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून स्वतःच्याच संघावर गोल झाला आणि मायदेशी परतल्यावर काही दिवसांतच याच शहरात त्याचा गोळ्या घालून खून झाला. त्या शहरात राहत असलेल्या युर्गन ग्रीसबेक या जर्मन तरुणाने १९९६ मध्ये टोळ्यांच्या वस्त्यांतच फुटबॉल सुरू केला. नियम मात्र त्याचे वेगळे. शस्त्र मैदानाबाहेर ठेवायचं, संघात मुली हव्यातच आणि पहिला गोल मुलीने करायचा. त्यानंतरच मुलांचे गोल धरायचे. ज्यांनी मुलीला कधी चेंडू दिला नसता, ते तिला शोधून पास देऊ लागले, कारण त्याशिवाय जिंकताच येत नव्हतं.

यातून घडलेली पद्धत आता ‘फुटबॉल थ्री’ नावाने अनेक देशांत चालते आणि स्लम सॉकर त्याच जाळ्यातली संस्था आहे. सामन्याचे भाग तीन. आधी दोन्ही संघ वर्तुळ करून बसतात आणि आजचे नियम आपसांत ठरवतात. मग खेळ होतो, तोही पंचाशिवाय. नंतर पुन्हा सगळे बसतात आणि समोरचा संघ ठरल्याप्रमाणे वागला का, यावर एकमेकांना गुण देतात. हे गुण गोलांमध्ये मिळवले जातात. म्हणजे गोल जास्त करूनही संघ हरू शकतो. शिट्टी वाजवणारा कुणी नसल्यामुळे ‘पंचाने मारलं आम्हाला’ ही सबबच उरत नाही. भांडण झालंच तर ते बोलून मिटवावं लागतं. मध्ये एक मध्यस्थ असतो, पण तो निकाल देत नाही, बोलतं करतो. हे मध्यस्थाचं काम सतरा-अठरा वर्षांची मुलंमुली शिकून घेऊ शकतात. त्याला मोठं मैदान लागत नाही की महागडे बूट लागत नाहीत.

मुंब्र्यात तर आधी मैदानच मिळवावं लागलं. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली असंख्य मुस्लिम कुटुंबं सुरक्षित जागा म्हणून इथे आली आणि गाव बघता बघता शहर झालं. घरं उभी राहिली, मोकळी जागा संपली, आणि जी उरली ती मुलांची. २०१२ मध्ये सबा खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘परचम’ या गटाने मुलींचा फुटबॉल सुरू केला. मजाज लखनवींच्या एका गाजलेल्या शेरावरून हे नाव घेतलेलं. त्या शेरात पदराचं निशाण करायला सांगितलं आहे. मुलींच्या घरी हरकती होत्या, मैदानावर शेरेबाजी होती. मुलींनी सह्या गोळा केल्या, लोकप्रतिनिधींकडे राखीव मैदानाची मागणी केली. हिजाब घातलेली, न घातलेली, मुस्लिम, हिंदू अशा सगळ्या एका संघात. सलोखा करायचा म्हणून त्या जमल्या नव्हत्या, खेळायला जागा हवी म्हणून जमल्या होत्या. अशी गरज सगळ्यांची सारखी असली की ओळख आपोआप होते.

याची पोलिसी आवृत्ती भिवंडीत आधीच पाहायला मिळाली होती. १९७० आणि १९८४च्या भीषण दंगलींनी हे यंत्रमागांचं गाव बदनाम झालं होतं. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या बसवल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसं आणि सोबत बीटवरचा हवालदार. चर्चेला विषय दंगलीचे नव्हतेच. नळ, गटार, नवराबायकोची भांडणं, भाडेकरूंची कटकट असले रोजचे. डिसेंबर १९९२ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईत जुलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली. वस्तीतली मुलं आणि पोलीस यांना एका संघात घालून तिने क्रिकेटचे सामने भरवले. दंगलीत ज्याच्याकडे संशयाने पाहिलं, तो रविवारी आपल्याच बाजूने फलंदाजीला उभा! धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघा मित्रांनी वेगवेगळ्या धर्मांच्या वेशातल्या चार मुलांचं ‘हम सब एक हैं’ हे पोस्टर भिंतीभिंतीवर पोचवलं. त्यांच्यावर २००३ साली ‘नाता’ हा माहितीपटही झाला. तो पाहताना लक्षात राहतो तो पोस्टरपेक्षा त्या दोघांचा एकत्र वावर.

महाराष्ट्राला हे सगळं नवीन वाटू नये. ४ जून १९४१ला राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले, तेव्हा संध्याकाळच्या शाखेवर मुलगे आणि मुली एकत्र खेळत, ही त्या काळच्या पुण्यात डोळे विस्फारायला लावणारी गोष्ट होती. दलाच्या कलापथकाने वसंत बापटांपासून निळू फुले, राम नगरकरांपर्यंत कितीतरी माणसं घडवली. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई याच मुशीतले. त्यांनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापलं तेव्हा ते अडतिशीतही पोचले नव्हते. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी महाराष्ट्रभर फिरले, तेव्हा सेवा दलाची पोरं त्यांच्यासोबत होती. १ मे १९४७ला पंढरपुरात उपोषण सुरू झालं आणि १० मे रोजी सुटलं. देऊळ उघडलं. गावागावातल्या विहिरी मात्र बंदच राहिल्या. म्हणून पंचवीस वर्षांनी, १९७२च्या दुष्काळात, डॉ. बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम काढावी लागली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन विचारत, कोण कुठून पाणी भरतं? उत्तरं येत ती महाडच्या १९२७च्या सत्याग्रहानंतर जणू काही घडलंच नाही अशी. आणि डिसेंबर १९८५ मध्ये पंजाब धुमसत असताना सत्तरी ओलांडलेले बाबा आमटे शंभराहून अधिक तरुण सायकलस्वारांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. पाठीच्या दुखण्याने बाबांना बसताही येत नव्हतं. ते गाडीत झोपून होते, पोरं पॅडल मारत होती.

मोठ्या माणसांच्या नावाने या गोष्टी सांगितल्या जातात, कारण इतिहास तसाच लिहिला जातो. शाखा लावणारी, विहिरी मोजणारी, सायकली हाकणारी पोरं विशी-पंचविशीतली होती.

आता प्रश्न आजच्या विशीतल्यांचा. त्यांच्यापैकी सगळ्यांनाच सायकल घेऊन देश पालथा घालायचा नसतो. त्यांना घरापासून दोन गल्ल्यांवर करता येईल असं एक काम आहे आणि त्याची आठवण फार कमी जणांना होते.

ते काम आहे शाळेच्या दारातलं, कारण सगळ्यात मोठा मिश्र संघ म्हणजे शाळेचा वर्ग. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १२(१)(ग) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. गरीब मूल वर्गात आलं तर श्रीमंत मुलांचं नुकसान होईल, ही पालकांची कुजबुज सगळ्यांच्या परिचयाची. दिल्लीत असा नियम आधीपासून होता. तिथल्या खासगी शाळांमध्ये अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी अभ्यास केला आणि त्यातली एक चाचणी फार गमतीची होती. मुलांना रिले शर्यतीसाठी भिडू निवडायला सांगितलं. जोरात पळणारं गरीब मूल घ्यायचं की हळू पळणारं श्रीमंत? ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती, ती श्रीमंत मुलं पळणाऱ्याला निवडण्याकडे अधिक झुकली. ती दुसऱ्याला देण्याच्या बाबतीतही अधिक उदार झालेली दिसली.

महाराष्ट्रात ही तरतूद २०२४ मध्ये जवळपास गुंडाळली गेली होती. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट, असा बदल राज्य सरकारने नियमांत केला. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. पण कायदा वाचला म्हणजे मूल वर्गात पोचलं असं होत नाही. अर्ज ऑनलाइन. जन्माचा दाखला, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला, आणि नकाशावर घराचं ठिकाण बरोबर दाखवणं. हे ठिकाण चुकलं की शाळेचं अंतर चुकतं आणि अंतर चुकलं की सोडतीत नंबर लागूनही प्रवेश अडकू शकतो. घरकाम करून संध्याकाळी परतणाऱ्या बाईला सायबर कॅफेत हे जमत नाही, जमलं तर पैसे पडतात. ज्याच्या खिशात स्मार्टफोन आहे आणि जो दिवसाला दोन तास रील्स पाहतो, अशा कॉलेजच्या पोराला हे अर्ध्या तासाचं काम आहे. समाजसेवा म्हणून मोर्चात फोटो काढण्यापेक्षा हे कितीतरी रटाळ आहे. म्हणूनच ते करायला कुणी मिळत नाही.

दुसऱ्यांमध्ये मिसळणं हा अर्धा भाग झाला. आपल्याच माणसांत वेगळं मत घेऊन उभं राहणं हा उरलेला आणि जास्त अवघड भाग. पिंपरीच्या भाटनगरात कंजारभाट समाजातल्या काही तरुणांनी २०१७च्या अखेरीस ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ नावाचा व्हॉट्सअॅप गट काढला. नववधूच्या कौमार्याची परीक्षा घेण्याच्या आणि जातपंचायतीपुढे तिचा निकाल देण्याच्या प्रथेविरुद्ध. विवेक तमायचीकर हे त्यातलं ठळक नाव. जानेवारी २०१८ मध्ये या गटातल्या तरुणांना एका लग्नात मारहाण झाली. विवेक यांनी ही परीक्षा नाकारूनच लग्न केलं. त्यानंतरच्या नवरात्रात त्यांच्या पत्नीला वस्तीच्या दांडियात खेळू दिलं गेलं नाही आणि त्यांनी पोलिसात तक्रार केली. तक्रार करता आली, कारण महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला होता. तो जुलै २०१७ पासून लागू झाला आणि त्याच्यामागे जातपंचायतींविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीने वर्षानुवर्षं दिलेला लढा आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये गृहराज्यमंत्र्यांनी कौमार्य चाचणीची सक्ती लैंगिक अत्याचार समजली जाईल असं जाहीर केलं. एका व्हॉट्सअॅप गटापासून इथपर्यंत यायला दीड वर्षही लागलं नाही. पण त्या दीड वर्षात त्या पोरांनी नातेवाईक गमावले, हेही लिहायला हवं.

मैदानाकडून फार अपेक्षा ठेवू नयेत, हेही खरं. इराकमध्ये आयसिसमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती खेळाडूंच्या काही फुटबॉल संघांत सलमा मूसा या संशोधिकेने मुस्लिम खेळाडू मिसळले. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. लीग संपल्यानंतर सहा महिन्यांनीही या ख्रिस्ती मुलांचा मुस्लिम मुलांसोबतचा सराव चालू होता, पुढच्या हंगामात मिश्र संघात खेळायला ती तयार होती. पण मैदानाबाहेरचे अनोळखी मुस्लिम, त्यांच्या भागातली उपाहारगृहं, त्यांच्यासोबतचे कार्यक्रम याबाबतीत फारसा फरक पडला नाही. जो आपला भिडू झाला तो आपला. त्याचा समाज अजून परकाच. बाळूंचं तरी दुसरं काय झालं? तेव्हा खेळाबरोबर कायदा लागतो, शाळा लागते, पाणी लागतं आणि बहिष्कार झाला तर पोलीस ठाण्यात सोबत येणारं कुणीतरी लागतं.

दिवाळी संपली की तुमच्याही सोसायटीत, गावात, कॉलेजात स्पर्धांच्या बैठका सुरू होतील. यंदा संघ आळीप्रमाणे, समाजाप्रमाणे पाडू नका. सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहा, डब्यात टाका आणि भिडू काढा. मुलींच्या चिठ्ठ्याही त्याच डब्यात असू द्या. आणि चहा सगळ्यांनी एकाच किटलीतून प्या. पुढे शाळाप्रवेशाचे अर्ज निघाले की त्याच संघातल्या दोघांनी फोन घेऊन वस्तीत जाऊन बसा.